हळदीची काहील आणि पाण्याची उकळी

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूरच्या परिसरात हळदीची काढणी संपताच शिजवणीची घाई सुरू होते. अनेक ठिकाणी आता वाफेवर हळद शिजवितात. तथापि, जे शेतकरी काहील वापरतात त्यांनी पाण्याच्या उकळीचे शास्त्र जाणून घेणे अगत्याचे आहे. नऊ महिन्यांची मेहनत या तासाभराच्या कामात फळास येते किंवा वाया जाते.

पाणी उकळण्यास किती वेळ लागेल, हे पाण्याच्या प्रमाणावर व जाळावर अवलंबून असते. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 98 अंशांपर्यंत तापविण्यास 7,300 उष्मांक लागतात. एक किलो सुक्या लाकडातून सुमारे 3,500 उष्मांक निघतात. परंतु उघड्या चुलाणावर त्यांचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास मिळतो. म्हणजेच एवढ्या पाण्यास सुमारे 21 किलो लाकूड जळते. यासाठी हळद बुडेल इतकेच पाणी घ्यावे, काहील गोणपाटाने झाकावी व जळण सुके असावे.

समुद्रकाठी पाणी 100 अंशांस उकळते. रहिमतपूर सहाशे मीटरांच्या आसपास उंचीवर असल्याने तेथे ते सुमारे 98 अंशांसच उकळते. एकदा उकळी फुटली, की जाळ कितीही वाढविला तरी उघड्या भांड्यातील पाण्याची उष्णता वाढत नाही. जादा जळणाने केवळ वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास 540 उष्मांक खर्ची पडतात. भडक जाळाने हळद लवकर शिजते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. उकळी टिकेल इतकाच मंद जाळ ठेवावा.

उकळी आल्यावर साधारणपणे 45 ते 60 मिनिटांत हळद शिजते. फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटू लागला, की परीक्षा घ्यावी. बोथट काडी हळकुंडात सहज शिरल्यास हळद शिजली असे समजावे. कच्ची राहिलेली हळद ठिसूळ होते, तर अधिक शिजल्यास रंग बिघडतो. गड्डे व हळकुंडे यांना लागणारा वेळ निराळा असल्याने ती वेगवेगळी शिजवावीत.

ग्रामसेवकांनी ही परीक्षा शेतकऱ्यांना काहिलीजवळ उभे राहून प्रत्यक्ष दाखवावी. घड्याळ अंदाज देते. निर्णय मात्र काडीचाच मानावा.