भांडण बापाच्या घरातलं

लहानपणी दादी आम्हाला हजरत इब्राहीम यांची गोष्ट सांगायची. त्यांनी सगळ्या मूर्ती फोडल्या, सर्वांत मोठी तेवढी ठेवली आणि जाब विचारणाऱ्यांना सांगितलं, तिलाच विचारा. मला त्यातला पराक्रम फार आवडायचा. एकदा त्याच तोऱ्यात मी शेजारच्या काकूंच्या देवघराबद्दल काहीतरी उद्धट बोललो. दादीनं कान पिळला. म्हणाली, "अरे, ते भांडण त्यांनी आपल्या बापाच्या घरात केलं होतं, शेजाऱ्याच्या नाही."

या बोलण्याचा अर्थ पुढे बायबलचा जुना करार वाचताना उलगडला. ही मूर्तिभंजनाची गोष्ट तिथं नाही. ती कुरआनात आणि नंतरच्या यहुदी परंपरेत आहे. पण मूर्तींवरची टीका हिब्रू संदेष्ट्यांच्या वाणीत जागोजागी आढळते आणि तिचा रोख बहुतेक वेळा स्वतःच्याच समाजावर असतो.

इस्राएली लोक आरंभापासून एकालाच मानत होते, असं नाही. सिनाईतल्या कुंतिलेत अजरूद इथं 1975-76 साली झालेल्या उत्खननात इ.स.पूर्व 800च्या सुमाराचे लेख मिळाले. त्यांत यहोवाच्या जोडीला अशेरेचंही नाव येतं. त्याच शतकातला संदेष्टा होशेय आपल्या लोकांना व्यभिचारी पत्नीची उपमा देतो. त्याची तक्रार बेइमानीची आहे. इतर देव मुळी नाहीतच, असा सिद्धान्त तो मांडत नाही.

तो सिद्धान्त स्पष्ट झाला पराभवात. इ.स.पूर्व 586च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमचं मंदिर जाळलं आणि अनेकांना बंदी करून नेलं. त्या काळच्या समजुतीनुसार हरलेल्या लोकांचा देवही हरला, बाबेलचा मर्दूक जिंकला. पण यशयाच्या ग्रंथात चाळिसाव्या अध्यायापासून एका अनामिक कवीचा आवाज ऐकू येतो, असं अभ्यासक मानतात. तो म्हणतो, देव एकच, दुसरा नाहीच. आणि तो सर्व राष्ट्रांचा आहे. इ.स.पूर्व 539मध्ये बाबेल जिंकणारा इराणचा राजा कोरेशसुद्धा त्याच्याच हातचं साधन. एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजणाऱ्या आणि उरलेल्याचा देव करणाऱ्या माणसाची हा कवी थट्टा करतो. थकलेल्या जनावरांवर लादलेले बाबेलचे देव दाखवतो. त्याचा प्रश्न असा, की देवानं माणसाला वाहायचं, की माणसानं देवाला?

ही थट्टा बाबेलच्या भाविकांना पुरता न्याय देत नाही, हेही सांगायला हवं. ते लाकडाला देव समजत नव्हते. मूर्तीचं तोंड धुण्याचा, आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण करून देणारा विधी ते करत. त्यात कारागीर, ही आपण घडवलेलीच नाही, असं शपथेवर सांगत.

म्हणून मला यिर्मया अधिक जवळचा वाटतो. बाबेलनं शहर घेण्यापूर्वी तो यहोवाच्याच मंदिराच्या दारात उभा राहिला. परका, अनाथ आणि विधवा यांना छळाल, तर हे मंदिरही तुम्हाला वाचवणार नाही, असं त्यानं बजावलं. ज्याच्या आडोशानं आपण अन्याय करून मोकळे होतो, ती मूर्तीच. मग ती लाकडाची असो, नाहीतर आपल्या धर्माच्या अभिमानाची.

आजही कुणी या संदेष्ट्यांची नावं घेऊन शेजाऱ्याच्या श्रद्धेवर हातोडा उगारतो, तेव्हा माझा कान पुन्हा दुखू लागतो.