चांदणी चौकाचं गणित



चौथीच्या वर्गाला दिशा आणि नकाशा शिकवताना मी यंदा पुण्याचा चांदणी चौक घेतला. त्या चौकाचं नाव आमच्या मुलांच्या घरात रोज निघतं, त्यामुळे वेगळी प्रस्तावना लागली नाही.

आधी फळ्यावर एक साधी फुली काढली. चार रस्ते. प्रत्येक रस्त्यावरून आलेली गाडी बाकीच्या तिघांपैकी कुठेही जाऊ शकते, म्हणजे ४ × ३ = १२ वाटा. मग चांदणी चौकात येणाऱ्या दिशा मुलांनीच सांगितल्या : मुंबई, सातारा, कोथरूड, मुळशी, बावधन-पाषाण आणि एनडीए. ६ × ५ = ३०! यू-टर्न धरलाच नाही.

आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे डावीकडे वळणारा फारसा कुणाच्या आड येत नाही. भांडण असतं ते सरळ जाणाऱ्यांचं आणि उजवीकडे वळणाऱ्यांचं. सिग्नल हे भांडण वेळ वाटून मिटवतो : आधी तू, मग मी. पण वेगात येणारे ट्रक महामार्गावर दर वेळी थांबवले तर मागे रांगच लागणार. म्हणून तिथे वेळेऐवजी उंची वाटून देतात, एक रस्ता वरून आणि एक खालून. यालाच इंटरचेंज म्हणतात.

उजवं वळण कसं घ्यायचं, ते मुलांना चटकन कळत नाही. आम्ही बाकांचा पूल केला. उजवीकडे जायचंय ना? मग आधी पूल ओलांडून पुढे जा, नंतर डावीकडे वळत पाऊण गोल फिर. बरोबर हव्या त्या रस्त्याला लागतोस, आणि कुणाला आडवं जावं लागत नाही. चेन्नईच्या काठीपारा चौकात असे गोल आहेत, वरून पाहिलं तर चार पाकळ्यांचं पान दिसतं. पण पाकळीला जागा लागते. चांदणी चौकात एकीकडे डोंगर, दुसरीकडे वस्ती. म्हणून तिथे जागा मिळेल तसे आठ रॅम्प बसवलेत.

जागा हाच मोठा अडथळा होता. भूमिपूजन ऑगस्ट २०१७ मध्ये झालं आणि उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला. मधला बराच काळ भूसंपादनात गेला. जुना पूल असेपर्यंत खालच्या महामार्गाला रुंद व्हायला वाव नव्हता. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून तो उडवला. तरी तो एका दमात पूर्ण पडला नाही, उरलेला भाग यंत्रांनी काढावा लागला. (हा भाग सांगताना वर्गात टाळ्या पडतात, गणिताला कधी पडत नाहीत.)

हे सगळं झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, माझी आजी तिथे बसमधून उतरते. ती कुठून जाते?"

मी फळ्याकडे पाहिलं. तीसच्या तीस वाटा गाड्यांच्या होत्या. गाडीला थांबावं लागत नाही, हाच इंटरचेंजचा गुण. पण गाडी थांबलीच नाही तर चालणाऱ्याने पलीकडे जायचं कधी? त्याला पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग द्यावाच लागतो, आणि तोही बसथांब्याजवळ. गाडीला अर्धा किलोमीटर वळसा पडला तर कळतही नाही, आजीला मात्र तो पिशवी घेऊन चालावा लागतो. चांदणी चौकातही नवे रस्ते खुले झाल्यावर लोक जीव मुठीत धरून महामार्ग ओलांडत होते. माझ्या मते आराखड्याच्या पहिल्या दिवशी गाड्यांसोबत पायी माणसंही मोजायला हवीत : थांबे कुठे, वस्ती कुठे, शाळा कुठल्या बाजूला. पूल उभा राहिल्यावर जिना चिकटवायला जागा सापडतेच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना चौक पुन्हा काढायला दिला. आजीच्या नातवाने आधी बसथांबा काढला आणि मग रस्ते.

पालकहो, रविवारी घराजवळच्या चौकात फुटपाथवर सुरक्षित उभं राहून मुलांसोबत दहा मिनिटं मोजणी करा. डावीकडे, सरळ, उजवीकडे असे तीन रकाने आखा. चौथा रकाना चालणाऱ्यांचा. कागद सोमवारी वर्गात पाठवा.