चित्रातून शिरणारा चोर

भाचीने पुण्याहून धाडलेले बारशाचे छायाचित्र फोनवर येते ते आकुंचित, सांकेतिक रूपात. ते उलगडणारा ‘लिबवेबपी’ हा गूगलचा आज्ञासंच क्रोम, फायरफॉक्स अशा अनेकांनी आपलासा केलेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यात उणीव आढळली. मुद्दाम बिघडविलेले चित्र उलगडताना संकेतांची सारणी नेमल्या जागेबाहेर, फोनच्या स्मृतीत भलतीकडे लिहिली जाई आणि त्या वाटेने परक्याच्या आज्ञा आत शिरू शकत. अ‍ॅपल व टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ती कळविली. तोवर गैरवापर सुरूही झाला होता! गूगलने दुरुस्ती त्वरेने केली खरी, पण एकाच घरचे विरजण आळीभर गेलेले. ज्याने त्याने आपापली दुरुस्त आवृत्ती काढावी आणि आपण ती उतरवून घ्यावी, तोवर भगदाड उघडेच. ‘अपडेट’ची सूचना मी मात्र महिनाभर ‘नंतर’वर ढकलीत होतो.