सिलेंडरमधला १४.२ किलो गॅस जातो कुठे?

घरगुती सिलेंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. एके दिवशी भाजी अर्धी शिजलेली असताना शेगडी विझते, आपण टाकी हलवून बघतो आणि गॅसचा नंबर लावतो. तो १४.२ किलो माल नाहीसा झालेला नसतो. उलट तो आता ६५ किलो झालेला असतो.

हा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दोन्हींत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. जळताना ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात, आणि तोही थोडाथोडका नाही, सिलेंडरमागे तब्बल ५१ किलो. त्यातून तयार होतो सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी. आत गेले ६५, बाहेर आले ६५.

आगीतून पाणी? थंड पाण्याचं पातेलं शेगडीवर चढवा. पहिलं मिनिटभर त्याच्या बाहेरच्या अंगाला दव धरतं. पातेलं गळत नसतं, ते पाणी ज्योतीतच जन्मलेलं असतं. भारतात वर्षाला सुमारे तीन कोटी टन एलपीजी जळतो. त्यातून निघणारी सगळी वाफ पकडून थंड करता आली, तर दीड टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त पाणी जमेल. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आत आहे. म्हणजे देशाच्या शेगड्या, भट्ट्या दरवर्षी खडकवासला जवळजवळ भरतील एवढं पाणी हवेत सोडतात, आणि ते कुणाच्या खिजगणतीतही नाही.

वजन जुळतं, कारण अणू तेच राहतात, फक्त जोडीदार बदलतात. एका सिलेंडरच्या गॅसमध्ये अणू किती? २ वर २७ शून्यं. जगातल्या ८०० कोटी माणसांनी, न झोपता, सेकंदाला प्रत्येकी एक अणू मोजला, तर मोजणी संपायला ८०० कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय अजून ४५४ कोटीच आहे. आणि एवढ्या उलथापालथीत त्यातला एकही अणू हरवत नाही.

यातला कार्बन तर आपल्याला सोडतच नाही. एका सिलेंडरमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड वर्ष-दोन वर्षांत जगभरच्या हवेत मिसळतो. त्यातला निम्मा समुद्राने आणि झाडांनी शोषला असं धरलं, तरी पृथ्वीवर कुठेही, कुणीही घेतलेल्या अर्ध्या लिटरच्या एका श्वासात तुमच्या त्या एका सिलेंडरचे तीसेक हजार रेणू असतील. अंटार्क्टिकावरच्या शास्त्रज्ञाच्या श्वासातसुद्धा.

वजन जुळण्याचा हा हिशेब पक्का केला फ्रान्सच्या रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेने. तो करवसुली करणाऱ्या कंपनीतला भागीदार होता. जमाखर्च जुळलाच पाहिजे हा हट्ट त्याला तिथूनच लागला असावा. १७८९ साली त्याने वजन तेवढंच राहतं हा नियम आपल्या ग्रंथात मांडला, आणि १७९४ मध्ये त्याच करवसुलीपायी गिलोटिनखाली गेला. पुढे जर्मनीत हान्स लँडोल्टने १८९३पासून पंधराएक वर्षं बंद काचनळ्यांत रसायनं मिसळून वजनं केली. एक कोटीत एक भाग एवढाही फरक त्याला सापडला नाही.

खरं तर फरक असतो. आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे, सिलेंडर जळून जी उष्णता निघून जाते तिच्याबरोबर वजनही जातं. किती? ६५ किलोंत सुमारे ७ मायक्रोग्रॅम, म्हणजे ९०० कोटींत एक भाग. वाळूचा एक साधा कणही त्यापेक्षा जड भरेल. महिनाभराचा स्वयंपाक, अंघोळीचं पाणी तापवणं, सगळं त्या ७ मायक्रोग्रॅममध्ये.

आता कामाचा आकडा. हवेत ऑक्सिजन वजनाने पाव हिश्शाहूनही कमी, म्हणून एक किलो गॅसला पंधरा किलोहून जास्त हवा लागते. एका सिलेंडरला सव्वादोनशे किलो, म्हणजे दहा बाय दहाच्या सहा-सात खोल्यांत मावेल इतकी. ती कमी पडली, की ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नसतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावतात ती यामुळेच. तुमचा गिझर आत असेल, तर प्लंबरला बोलावून बाहेर काढून घ्या. आणि तोवर खिडकी उघडी ठेवूनच पाणी तापवा.