भोकरचं पाणी 99 वरच का उकळलं?

दोस्तांनो, समजा तुम्ही भोकरच्या शाळेत आठवीत आहात. सरांनी चंचुपात्रात पाणी तापत ठेवलंय, त्यात थर्मामीटर सोडलाय. पाणी खळखळ उकळतंय, पण पारा 99 च्या आसपास येऊन अडलाय. पुस्तकात तर छापलंय, पाणी 100 अंशांना उकळतं! मग खोटं कोण? पुस्तक की थर्मामीटर?

दोघंही खरे असू शकतात, बरं का! 100 हा आकडा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबासाठी आहे. जसजसं उंच जावं, तसतसा हवेचा दाब कमी होतो. साधारण 300 मीटर उंचीमागे पाणी एक अंश अलीकडेच उकळतं. भोकर काही शे मीटर उंच, म्हणून 99. महाबळेश्वरला तर 95-96 अंशांनाच उकळी फुटते. कुकरमध्ये उलटं. आत दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जातं. म्हणून तर तुरीची डाळ झटपट शिजते!

दाब आणि तापमानाच्या या जोडीवरच साखर कारखाना चालतो. नांदेड-लातूरकडचा ऊस तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या रसाचा पाक फार तापला तर साखर काळवंडते. म्हणून बंद भांड्यातली हवा ओढून दाब कमी करतात. मग पाक 60-70 अंशांनाच उकळतो. बॉयलरमध्ये मात्र वाफेचा प्रचंड दाब असतो. तिथं दाब वाढलेला कळलाच नाही, तर बॉयलर फुटून माणसांचे जीव जाऊ शकतात.

म्हणून तिथं सेन्सर बसवतात. तापमानासाठी बऱ्याचदा प्लॅटिनमची बारीक तार असते. तिचा विद्युतरोध 0 अंशाला 100 ओहम, तर 100 अंशांना 138.5 ओहम. रोध मोजला की तापमान कळलं! दाबाच्या सेन्सरमध्ये पातळ पडदा असतो. दाबानं तो किंचित वाकतो आणि त्यावरच्या पट्ट्यांचा रोध बदलतो. ही खबर 4 ते 20 मिलीअँपिअर विजेच्या रूपानं नियंत्रण कक्षात जाते. सुरुवात 0 ऐवजी 4 पासून का? तार तुटली तर वीज 0 होते आणि बिघाड लगेच उघडा पडतो. आहे की नाही युक्ती?

पण सेन्सरही थोडा चुकतोच. ‘बी’ वर्गाच्या प्लॅटिनम सेन्सरला 100 अंशांजवळ 0.8 अंशाची चूक माफ असते. म्हणजे भोकर आणि मुंबईच्या उकळीतला फरक ओळखताना त्याचीही तारांबळ उडेल! दाबाचंही तसंच. 100 बारपर्यंत मोजणाऱ्या मापकाची चूक पूर्ण मापाच्या 1 टक्का, म्हणजे 1 बार असेल, तर 2 बार मोजताना निम्मा आकडा चुकू शकतो. कापसाचा ट्रक तोलायच्या काट्यावर पावशेर हळद कोण तोलेल?

म्हणून मोजणाऱ्याचीही वेळोवेळी परीक्षा घ्यावी लागते. तिला कॅलिब्रेशन म्हणतात. तुम्हीही घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घालून ढवळा, प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवा आणि थोडं थांबा. 0 दाखवला तर पास! उकळत्या पाण्याची परीक्षा मात्र सरांच्या किंवा आईबाबांच्या समोरच घ्या. आणि हो, तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका. त्याचं माप 42 अंशांच्या आसपास संपतं, तो फुटेल!

आता सांगा, तुमच्या गावात पाणी किती अंशांना उकळतं?