उद्याचा विचार आणि आजचा धंदा

कोणताही धंदा उद्याच्या भरवशावर उभा असतो. दुकानदार माल भरतो, वाहनमालक कर्ज काढून ट्रक घेतो, ते उद्याही मागणी राहील या हिशेबाने. हा हिशेब दोन प्रकारे करता येतो. मागील काही वर्षांचे आकडे पाहून तीच चढती रेषा पुढे ओढणे, हा एक प्रकार. ही रेषा मध्येच तुटली तर काय, असे विचारून दोनतीन निरनिराळ्या परिस्थितींची तयारी ठेवणे, हा दुसरा. या दुसऱ्या प्रकारास दूरदर्शी नियोजन म्हणता येईल.

या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण शेल या तेल कंपनीचे आहे. 1970 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत खनिज तेल पूर्वीप्रमाणेच स्वस्त मिळत राहील, अशी सर्वसाधारण समजूत होती. शेलच्या नियोजन विभागातील पिएर वाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला : तेल विकणाऱ्या देशांचे हित कशात आहे? अमेरिका, युरोप व जपान यांची मागणी वाढत होती. उलट, काही आखाती देशांना मिळणारा सर्व पैसा खर्च करण्यास वावच नव्हता. मग त्यांनी उत्पादन वाढवावे तरी कशासाठी? यावरून भाव एकाएकी चढण्याचे चित्र त्यांनी व्यवस्थापकांपुढे मांडले. ऑक्टोबर 1973 मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि पिंपामागे सुमारे 3 डॉलर असलेला भाव जानेवारी 1974 मध्ये 12 डॉलरच्या जवळ पोहोचला. युद्धाचे भाकीत कोणी केले नव्हते. परंतु भाववाढीचा विचार आधीच झालेला असल्यामुळे शेलला इतरांपेक्षा लवकर सावरता आले.

असा विचार मोठ्या कंपन्यांनीच करावयाचा असतो, असे नाही. लहान धंद्याला त्याची गरज अधिक आहे, हे गोव्यातील खाणपट्ट्याने अनुभवले आहे. चीनची मागणी वाढल्यावर येथील हलक्या प्रतीच्या लोहखनिजालाही चांगला भाव येऊ लागला. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. त्याच काळात धोक्याच्या खुणाही दिसत होत्या. मुख्य गिऱ्हाईक एकच देश होता, खाणींविषयी तक्रारी वाढल्या होत्या आणि नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्र शासनाने न्यायमूर्ती शहा आयोग नेमला होता. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविण्याचा आदेश दिला. 2014 मध्ये वार्षिक 2 कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. पण फेब्रुवारी 2018 मध्ये 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. धंदा थांबला तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. आपला माल किंवा सेवा घेणारे किती आहेत? कायदा अथवा परवाना बदलल्यास काय होईल? मिळकत बंद पडल्यास किती महिने हप्ते भरता येतील? घेतलेले साधन दुसऱ्या कामास उपयोगी पडेल काय? शिक्षकांनी व पंचायतींनी आपल्या गावातील धंद्यांविषयी हीच चर्चा घडवून आणावी. उद्या काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते. मात्र काय काय होऊ शकेल, याचा विचार प्रत्येकाला करता येतो.