उंचावरून पाण्यात उडी

ता. १९ मे १८८५ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन पुलावरून एका मनुष्याने खालच्या नदीत उडी घेतली. पूल वाहतुकीस खुला होऊन त्या वेळी पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. उडी घेणारा रॉबर्ट ओडलम हा कोणी उनाड तरुण नव्हता. तो वॉशिंग्टन येथील पोहण्याचा शिक्षक होता. मनुष्य उंचावरून पडू लागला म्हणजे हवेतच त्याचा प्राण जातो, अशी समजूत त्या काळी पुष्कळ लोकांत रूढ होती. ती खोटी ठरावी, म्हणजे आग लागलेल्या इमारतीतील माणसे खाली धरलेल्या जाळीत उडी टाकण्यास कचरणार नाहीत, असा ओडलमचा एक हेतू होता. सुमारे ४१ मीटर, म्हणजे १३५ फूट उंचीवरून, पाय जुळवून आणि एक हात वर धरून तो खाली आला. परंतु वाटेत त्याचे शरीर कलले व तो कुशीवर पाण्यावर आदळला. त्याला बाहेर काढले तेव्हा तो जिवंत होता. पण शरीराच्या आत झालेल्या रक्तस्रावाने थोड्याच वेळात त्याचा अंत झाला.

ओडलमचे म्हणणे खरेच होते. हवेतून पडल्याने त्याचा प्राण गेला नाही. तो गेला पाण्याशी गाठ पडल्यामुळे. आणि पाण्याशी तर त्याचा रोजचा परिचय होता.

पाणी मऊ आहे, त्यात हात बुडवला तर ते सहज वाट देते, मग ते इजा कशी करील, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. ह्याचे उत्तर वेगात आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग सतत वाढत जातो. ५ मीटरवरून उडी घेणारा पाण्याजवळ येतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर असतो. १० मीटरवरून तो ५० होतो, २० मीटरवरून ७१ आणि २७ मीटरवरून ८३. ओडलमच्या उडीत तो शंभरीच्या जवळपास गेला असला पाहिजे. ह्या आकड्यांत एक गोष्ट फसवी आहे. उंची दुप्पट झाली तरी वेग दुप्पट होत नाही, म्हणून धोकाही फारसा वाढला नसेल असे वाटते. परंतु आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे उंची दुप्पट झाली की ती शक्तीही दुप्पटच होते.

आता पाण्याची बाजू पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे आणि दाबून ते जवळजवळ मुळीच आकसत नाही. शरीराला आत शिरावयाचे तर तितके पाणी बाजूस सरकले पाहिजे, आणि सरकण्यास त्याला वेळ लागतो. हात सावकाश बुडवला तर तेवढा वेळ मिळतो. वेगाने थाप मारली तर तळहात झोंबतो. उंचावरच्या उडीत ही थाप सगळ्या शरीराला बसते. पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेला पडदा असतो व तो आधी दगड टाकून फोडला म्हणजे झाले, असे काही जण सांगतात. ही समजूत चुकीची आहे. पृष्ठताण कीटकाला पेलतो, माणसाच्या वजनापुढे त्याची काहीच मातब्बरी नाही. स्पर्धेच्या तलावात पाण्यावर तुषार सोडतात ते पडदा फोडण्यासाठी नव्हे. स्वच्छ, निश्चल पाण्याचा पृष्ठभाग वरून नीट दिसत नाही, तो दिसावा म्हणून.

सगळा प्रश्न किती अंतरात थांबावयाचे ह्याचा आहे. १० मीटरवरून सरळ, निमुळते होऊन शिरलेला मनुष्य पाण्यात साधारण ४ मीटर जाऊन थांबला, तर पाण्याचा रोध सरासरीने त्याच्या वजनाच्या अडीच पट भरतो. तोच मनुष्य पोटावर पडून अर्ध्या मीटरात थांबला, तर हाच रोध वीस पट होतो, आणि पहिल्या क्षणी तर त्याहूनही अधिक. उंची तीच, पाणी तेच. फरक केवळ अंग कसे पडले ह्याचा.

असा आघात झाला म्हणजे बाहेरून अंगावर केवळ लाली दिसते, पण आत फुप्फुसे ठेचली जातात, बरगड्या मोडतात, यकृत किंवा प्लीहा फाटते. पायांवर पडले तरी धक्का कण्यातून वर चढतो व मणके दबून मोडू शकतात. डोके खाली असेल तर कानाचे पडदे फाटण्याचा, डोळ्यातील पटल सुटण्याचा आणि खांदा निखळण्याचा संभव असतो. शिवाय क्षणभर शुद्ध हरपली तरी तोंड पाण्यात असते. पाणी फार थंड असेल तर आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि श्वासाबरोबर पाणीही. अशा रीतीने पुष्कळदा जखम करते अर्धे काम आणि बुडणे करते उरलेले.

मग क्रीडापटू हे धाडस कसे करतात? ऑलिंपिकमध्ये १० मीटरवरून सूर मारतात; त्याखाली सुमारे ५ मीटर पाणी असते, आणि खेळाडू तेथवर वर्षानुवर्षांच्या सरावाने, पायरीपायरीने चढलेला असतो. नवा प्रकार शिकताना काही ठिकाणी तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी हलके करतात. २०१३ साली बार्सिलोना येथील जागतिक स्पर्धेत अतिउंच उड्यांचा प्रथमच समावेश झाला. पुरुषांसाठी २७ मीटर व स्त्रियांसाठी २० मीटर. एवढ्या उंचीवर निष्णात खेळाडूही डोके खाली ठेवून पाण्यात शिरत नाहीत, पायांनीच शिरतात. आणि खाली पाण्यात मदतीस पाणबुडे सज्ज असतात. जगातील उत्तमोत्तम लोक जेथे एवढी दक्षता घेतात, तेथे धबधब्याच्या कड्यावर उभ्या असलेल्या सहलीतील विद्यार्थ्याने काय ताडावयाचे ते ताडावे.

आपल्या लोकांना पाण्यात उडी मारण्याची हौस मोठी. उन्हाळ्याची सुटी लागली की गावोगावच्या विहिरींवर मुटके आणि सूर ह्यांची चढाओढ सुरू होते. गोव्यात दरवर्षी २४ जूनला सांजावचा सण येतो. मरियामातेचे अभिवादन ऐकताच एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी घेतली, असे शुभवर्तमानात सांगितले आहे. तेच बाळ म्हणजे पुढचा संत योहान बाप्तिस्ता. त्या आनंदाची आठवण म्हणून डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरींत उड्या घेतात. हा आनंद निर्मळ आहे आणि तो टिकावा. परंतु मद्य घेऊन, किंवा अनोळखी विहिरीत, किंवा खाली कोणी पोहत असताना घेतलेल्या उडीने सणाच्या घरात सुतक येते.

विहिरीत धोका उंचीचा कमी, खोलीचा अधिक. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असते. पहिल्या पावसानंतर ते गढूळ होते आणि तळाचा खडक, गाळ, पडलेला चिरा काहीच दिसत नाही. गेल्या वर्षी जेथे दोन पुरुष पाणी होते, तेथे यंदा कमरेइतकेही नसेल. डोके तळावर आपटले की मानेचा मणका मोडतो, त्यातील मज्जारज्जू चेपतो आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. ह्यासाठी फार उंची लागत नाही. १९६७ साली अमेरिकेत जोनी एरिक्सन ही सतरा वर्षांची मुलगी चेसापीक उपसागरात उथळ पाण्यात सूर मारताना अशीच जायबंदी झाली. पुढे ती तोंडात कुंचला धरून चित्रे काढावयास शिकली व लेखिका म्हणून प्रसिद्ध झाली. पण हातपाय परत आले नाहीत.

अपघात झालाच तर घाईने हाताला धरून ओढू नये. मान मोडली असण्याचा संभव धरूनच वागावे. जखमी मनुष्याला पाण्यावर उताणे करून डोके, मान व पाठ एका रेषेत आधार द्यावा, आणि सपाट फळीवर घेऊनच बाहेर काढावे. श्वास थांबला असेल तर मात्र तेवढी वाट पाहू नये. मान शक्य तितकी स्थिर ठेवून त्याला लगेच काठावर घ्यावे, तोंडाने श्वास द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातापायांना मुंग्या येतात असे तो म्हणाला, तर त्याला उठवून बसवू नये. मनुष्य स्वतः चालत बाहेर आला, परंतु छातीत वा पोटात दुखत असेल, तरी त्याला रुग्णालयात दाखवावे. आतला रक्तस्राव बाहेर दिसत नाही.

ज्या दिवशी उडी मारावयाची, त्याच दिवशी एखाद्या जाणत्या पोहणाऱ्याने पायऱ्यांनी उतरून तळ चाचपावा. पहिली उडी नेहमी पायांनी आणि कमी उंचीवरून असावी. कड्यावर उभ्या असलेल्या मुलाला "घाबरलास काय?" असे विचारणारे पुष्कळ असतात. तेथून परत फिरणाऱ्याला शाबासकी देणारा एखादा तरी वडीलधारा माणूस काठावर असला पाहिजे.